माझी लेक खाटेवर नाही, म्हणून तिला मदत नाही

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि आरोग्य योजनांचे व मदतनिधींचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी

विषय : टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना दर महिन्याचं इन्सुलिन आणि साहित्य मिळण्याबाबत

महोदय,

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. बारा वर्षं झाली. फॉर्म भरणं हे माझं निम्मं काम. गरोदर बाईचा फॉर्म, बाळाचा फॉर्म, आयुष्मान कार्डाचं केवायसी. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन करून घ्यायला गावातल्या सहा जणांना मी स्वतः एसटीत बसवून घेऊन गेले आहे. त्यातल्या दोघांच्या हृदयात स्टेंट आहे आणि त्यांच्या खिशातून एक रुपया गेलेला नाही. सरकार काहीच करत नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. हे आधी सांगते, कारण तक्रार म्हटलं की कागद बाजूला ठेवायची पद्धत असते.

माझी लेक अकरा वर्षांची आहे, सहावीत. नाव लिहीत नाही, शाळेत आधीच पोरं ‘शुगर’ म्हणून हाक मारतात.

जून २०२२ मध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. ती रात्रीतून चारदा उठायची, तांबेच्या तांबे पाणी प्यायची, फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला होता. आणि मी, जी घरोघरी जाऊन लोकांच्या शुगर-बीपीचे फॉर्म भरते, तिला म्हणत होते की ऊन बाधलंय. आमचा तो फॉर्म तीस वर्षांपुढच्या माणसांचा. आठ वर्षांच्या पोरीसाठी त्यात रकानाच नाही, आणि जिथे रकाना नाही तिथे आमची नजर जात नाही, हे मला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास भात्यासारखा चालायला लागला, तोंडाला पिकलेल्या फळाचा वास. सरकारी दवाखान्याच्या आयसीयूत पोचेपर्यंत ती ओळखत नव्हती. डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस हा शब्द मी त्या रात्री शिकले : इन्सुलिन नसल्याने रक्तात आम्ल साचणं. तिथल्या डॉक्टरांनी सहा दिवसांत पोरगी मला परत दिली. खर्च योजनेत गेला. त्या डॉक्टरांचं आणि योजनेचं ऋण मी विसरणार नाही.

सातव्या दिवशी सुट्टी झाली. दवाखान्यात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र म्हणाला, “ताई, योजना अ‍ॅडमिट असेपर्यंत असते.” सुट्टीनंतर थोड्या दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात, आयुष्मान भारतच्या नियमात १५ दिवसांची. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, म्हणून लेकीला ते लागणार आहे जन्मभर.

तेव्हापासून मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर शुगर आणि डोस, उजव्या पानावर पैसे. डोस आता दिवसाला साधारण तीस युनिट : तीन वेळा जेवणाआधीचं आणि रात्री एकदा लांब चालणारं. महिन्याला इन्सुलिनचे दोन हजार ते बावीसशे जातात. लोकांना वाटतं खर्च एवढाच. पण शुगर बघितल्याशिवाय डोस ठरवता येत नाही. दिवसाला चार वेळा बोट टोचायचं म्हणजे महिन्याला एकशेवीस स्ट्रिप. पन्नासचा डबा आम्हाला साडेनऊशे-हजाराला मिळतो. म्हणजे स्ट्रिपांचे पैसे इन्सुलिनपेक्षा जास्त. वर इन्सुलिनच्या पेनच्या सुया, ज्या एकदा वापरून टाकायच्या असतात आणि आम्ही चार-पाच दिवस वापरतो. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी. सगळं धरून महिन्याला पाच हजार. नवरा दुसऱ्याची पिकअप चालवतो, दीड एकर कोरडवाहू आहे, माझा मोबदला येतो तेव्हा येतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हेही वहीत आहे. डब्यामागे साठेक रुपये वाचले. तीन स्ट्रिपा.

रात्रीची गोष्ट सांगते, कारण अर्जात तिला जागा नव्हती. रात्री अडीचच्या सुमाराला मला आपोआप जाग येते. लेकीच्या मानेवर हात ठेवते. मान कोरडी असली तर झोपते. घाम असला तर शुगर खाली गेलेली असू शकते, मग स्ट्रिप काढते. डॉक्टर म्हणतात, शंका आली की तपासा, घामावर जाऊ नका, प्रत्येक वेळी घाम येतोच असं नाही. त्यांचं बरोबर आहे. पण स्ट्रिप वीस रुपयांची, आणि थंडीत बोटातून थेंब नीट आला नाही तर मशीन ‘एरर’ दाखवतं आणि ती वीस रुपयांची स्ट्रिप वाया जाते. गेल्या जानेवारीत मान कोरडी होती म्हणून मी परत झोपले. पहाटे ती दात आवळून पडलेली, शुगर ३८. ओठाच्या आत मध चोळत बसले, नवरा गाडी काढेपर्यंत. वाचली. त्या पानावर मी पैसे लिहिले नाहीत.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं आणि सगळ्यात मोठं गाऱ्हाणं खाटेचं. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या प्रत्येक रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. मोठी गोष्ट आहे. पण ते उघडतं माणूस खाटेवर पडल्यावर. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस आहे. म्हणजे इन्सुलिन परवडलं नाही, पोरगी पुन्हा बेशुद्ध झाली, तर आयसीयूचे पैसे सरकार भरेल. ती बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणारी बाटली मात्र माझी मी आणायची. वर्षाचे साठ हजार त्या ५ लाखांतलेच वापरू द्या म्हटलं, तर तशी सोय नाही. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथेही माप खाटेचंच. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत प्रत्यारोपण आहे, केमोथेरपी आहे, डायलिसिस आहे, अपघात आहे, आणि ते असायलाच हवं. पण सायकलवरून शाळेत जाणारं आजारी मूल त्या यादीत कुठे बसवायचं?

मी एका मदतनिधीकडे अर्ज केला होता. निधीचं नाव घेत नाही, कारण खिडकीवरची माणसं वाईट नव्हती. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, सगळं लावलं. एक कागद कमी निघाला : रुग्ण दवाखान्यात दाखल असल्याचा जिओटॅग फोटो, म्हणजे काढल्याच्या जागेची नोंद असलेला. मी म्हटलं, “ती दाखल नाही, तिला रोज घरी इन्सुलिन लागतं.” ते म्हणाले, “फोटो नसेल तर सिस्टीम पुढे जात नाही, ताई.”

मी आशा आहे, खाट कुठे मोकळी असते ते मला माहीत आहे. शाळा सुटल्यावर लेकीला उपकेंद्रात नेलं. ती गणवेशात, पायात बूट. खाटेवर बसवलं आणि मोबाइल काढला. तिने विचारलं, “आई, झोपू का? डोळे मिटू?” मी हो म्हणाले. तिने डोळे मिटले आणि आजारी दिसावं म्हणून तोंड थोडं उघडं ठेवलं. मी फोटो काढला. घरी आल्यावर पुसून टाकला. अर्ज तिथेच थांबला.

दुसरं गाऱ्हाणं उत्पन्नाच्या दाखल्याचं. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल, सेतूत दोन चकरा, सर्व्हर बंद असला तर तीन. आमचा दाखला आला १,६८,००० रुपयांचा. मुख्यमंत्री सहायता निधीची मर्यादा १,६०,०००. आठ हजारांनी आम्ही श्रीमंत ठरलो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन ठरायची मर्यादा १,८०,०००, म्हणजे तिथे आम्ही पुन्हा गरीब. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा वर्षाला २१,०००, महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात जगणारं कुटुंब मला गावात दाखवा, मी स्वतः त्यांचा फॉर्म भरते. आणि त्या योजनेत क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात अशी आजारांची नावं आहेत, टाइप १ नाही. दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, टाइप १ तिथेही नाही. राष्ट्रीय आरोग्य निधी दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी, आणि मदत एकदाच. लेकीचा आजार एकदाच होणारा नाही.

कोण खरा गरीब हे तपासू नका असं माझं म्हणणं नाही. पण जो आजार बरा होणार नाही हे पहिल्या दिवशी माहीत आहे, त्याच्यासाठी तीच कागदं पुन्हापुन्हा कशासाठी?

तिसरं गाऱ्हाणं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नाहीत. लहान मुलांच्या मधुमेहाची जाण असलेले डॉक्टर मात्र बहुतेक तिथेच भेटतात. आमच्यासारख्यांनी कोणत्या विभागाचं दार कोणतं, हे इमारतीकडे बघून ओळखायचं का?

चौथं गाऱ्हाणं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण वरून ते किरकोळ दिसतं. सरकारी दवाखान्यात ‘इन्सुलिन उपलब्ध आहे’ असं उत्तर विधानसभेतही देता येईल, आणि ते खोटं ठरणार नाही. पण कोणतं इन्सुलिन? मला बहुतेक वेळा ३०/७० मिळालं, दोन प्रकार आधीच मिसळलेलं. पन्नाशीतल्या, ठरल्या वेळी जेवणाऱ्या माणसाचं त्यावर भागत असेल. माझी पोरगी कधी अर्धी भाकरी खाते, कधी दोन, आणि मधल्या सुट्टीत कबड्डी खेळते. मिसळलेल्यातला एक भाग कमी आणि दुसरा जास्त करता येत नाही. तिच्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळी लिहून दिली आहेत. त्यातलं लांब चालणारं, ग्लार्जिन, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहे, म्हणजे ही काही चैनीची वस्तू नव्हे. तरी चिठ्ठीवर शिक्का पडतो : बाहेरून घ्यावे.

आणि सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची नारिंगी टोपणाची. सुरुवातीच्या दिवसांत मला एका ठिकाणी ४० ची बाटली मिळाली, सिरिंज संपल्या होत्या, म्हणून बाहेरून घेतली. मेडिकलवाल्याने नारिंगी दिली. मी बिनधास्त दहाच्या रेघेपर्यंत भरत राहिले. प्रत्यक्षात पोरीला चारच युनिट जात होती. दोन दिवस शुगर चारशेच्या खाली येईना, आणि मी तिच्यावर ओरडत होते की चोरून काय खाल्लंस. ती रडत होती, काही नाही खाल्लं म्हणून. आजही ते आठवलं की मला तिच्याकडे बघवत नाही. बाटलीसोबत तिचीच सिरिंज मिळाली असती तर हे झालं नसतं. उलटी चूक झाली असती, १०० चं इन्सुलिन लाल टोपणात, तर अडीचपट डोस गेला असता आणि आज हे पत्र लिहायचं कारण उरलं नसतं.

स्ट्रिप तर औषधच धरली जात नाही. ती ‘साहित्य’. ज्यावर डोस ठरतो ते साहित्य नसेल तर नुसतं इन्सुलिन घेऊन मी काय करू?

पाचवं, छोटं : नकार कुणी लिहून देत नाही. “होत नाही, ताई” एवढंच. तोंडी नकारावर वरच्या साहेबांकडे अपील कसं करायचं, हे बारा वर्षांत मलाही कळलेलं नाही.

आपण म्हणाल, जन्मभराचं औषध मोफत देणं कोणत्या सरकारला जमतं? आपल्यालाच जमतं. १ एप्रिल २००४ पासून एआरटी केंद्रांतून एचआयव्हीच्या गोळ्या मोफत मिळतात. माणूस चालत येतो, गोळ्या घेऊन चालत जातो, कामावर जातो. त्याला कुणी खाटेवर झोपून दाखव म्हणत नाही. टीबीच्या गोळ्या तर मी स्वतः लोकांना खाऊ घातल्या आहेत. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून बाह्यरुग्णांनाही मोफत औषधं देणारी योजना आहे. केरळ सरकारची टाइप १ च्या मुलांसाठी वेगळी योजना आहे, नाव ‘मिट्टायी’. तिकडच्या भाषेत गोड खाऊ. शुगरच्या मुलांच्या योजनेला हे नाव देणाऱ्याला मुलं कळत असावीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

टाइप १ असलेल्या प्रत्येक मुलाची जिल्ह्यात नोंद व्हावी आणि एकदा निदानाचं प्रमाणपत्र दिलं की दर महिन्याला इन्सुलिन, त्याच मापाच्या सिरिंज किंवा सुया, आणि किमान शंभर स्ट्रिप तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळाव्यात. जिल्ह्याला नको, तालुक्याला. जिल्ह्याला गेलं की नवऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. बालरोगतज्ज्ञांनी जे इन्सुलिन लिहिलं आहे तेच मिळावं; शिल्लक आहे म्हणून दुसरं हातात ठेवू नये. हे एवढं होईपर्यंत निदान ५ लाखांच्या कवचातून खाटेशिवायच्या औषधांसाठी ठरावीक रक्कम वापरू द्यावी.

जन्मभराच्या आजाराला उत्पन्नाचा दाखला वारंवार मागू नये. दाखल असल्याचा फोटो फक्त दाखल होणाऱ्यांकडून मागावा. अर्ज नाकारला तर कारण आणि तारीख घालून लेखी द्यावं.

एक मागणी लेकीसाठी नाही, माझ्या कामासाठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येतं, दात बघतं, डोळे बघतं. त्या पथकाने आणि आम्ही आशांनी प्रत्येक मुलाच्या घरी तीन गोष्टी विचाराव्यात : तहान वाढली का, लघवी वाढली का, वजन उतरलं का. आणि एका ‘हो’वर तिथेच बोट टोचून बघावं. मोबदल्याच्या यादीत हे काम घातलं नाही तरी मी करीन. पण फॉर्मवर रकाना असला की काम होतं, हा माझा अनुभव आहे.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून मला कुणी विचारणार, वरच्या मॅडमना न सांगता कसं लिहिलं. त्यांना सांगूनच लिहिलं आहे. आमच्या मॅडमनी फक्त एवढं सुचवलं की शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ नको, ‘पोच मिळावी’ असं लिही.

तर, या पत्राची पोच मिळावी.

आपली,
एक आशा, आणि आई
जि. धाराशिव

ता. क. : थांबलेल्या अर्जासोबत लेकीचा दुसरीतला पासपोर्ट फोटो लावला होता, आजारपणाच्या आधीचा, गाल भरलेले असतानाचा. तो एकच उरला होता. अर्जाचं काही होणार नसेल तर तेवढा परत मिळाला तर बरं होईल.